टीएसएच शून्यावर, तरी थायरॉइड जोरात: ग्रेव्हज आजारात नेमके काय बिघडते

रक्ततपासणीच्या अहवालात टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक, याच्यासमोर ०.०१ असा आकडा छापून येतो, शेजारी खाली रोखलेला बाण असतो, आणि घरातली मंडळी समजतात की थायरॉइड कमी झाला आहे. डॉक्टर मात्र सांगतात की तो वाढला आहे. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत काय किंवा मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, बाह्यरुग्ण विभागात काय, हा गोंधळ सतत कोणाच्या तरी वाट्याला येतो. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. ‘थायरॉइड आहे’ असे कोणी म्हटले की आपल्यासमोर उभी राहते ती वजन वाढलेली, थकलेली, सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेणारी व्यक्ती. ते चित्र थायरॉइड मंदावल्याचे असते आणि तो प्रकार खरोखरच अधिक आढळतो. येथे ज्या आजाराविषयी लिहायचे आहे तो अगदी उलट टोकाचा आहे. यात भूक वाढूनही वजन उतरते, छाती धडधडते, हात थरथरतात आणि काहींचे डोळे खोबणीतून पुढे येऊ लागतात. अशा रुग्णाने ‘शेवटी थायरॉइडच ना’ असे म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाची थायरॉक्सिनची गोळी सुरू केली, तर आधीच जास्त असलेल्या संप्रेरकात बाहेरून भर पडेल आणि हृदयावरचा ताण आणखी वाढेल.

या आजाराला ग्रेव्हज आजार म्हणतात. डब्लिनचे वैद्य रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये त्याचे वर्णन केले. १८४० मध्ये जर्मनीतील मेर्झेबुर्गचे डॉक्टर कार्ल फॉन बासेडो यांनी स्वतंत्रपणे तेच लिहिले, म्हणून युरोपात अनेक ठिकाणी तो आजही बासेडो यांच्या नावाने ओळखला जातो. गळ्यावरची सूज, हृदयाची धडधड आणि पुढे आलेले डोळे या तीन गोष्टी एकाच माणसात एकत्र का याव्यात, हे कोडे मात्र त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे सुटले नाही. ते कसे सुटले हे कळले, की अहवालातला तो खाली जाणारा बाणही कळतो.

ग्रंथी कोणाच्या हुकमाने चालते?

थायरॉइड ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला श्वासनलिकेला बिलगून असते आणि प्रौढ माणसात तिचे वजन साधारण १५ ते २० ग्रॅम भरते. तिच्यात असंख्य सूक्ष्म गोल पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीची भिंत पेशींच्या एकाच थराची असते आणि आत चिकट द्रव भरलेला असतो. अन्नातून आलेले आयोडीन या पेशी रक्तातून ओढून घेतात, द्रवातल्या एका मोठ्या प्रथिनावर ते चढवतात आणि त्यातून टी-४ (म्हणजेच थायरॉक्सिन) व टी-३ ही दोन संप्रेरके घडवतात. संप्रेरक म्हणजे एका अवयवाने रक्तात सोडलेला आणि दूरच्या अवयवांना कामाचा वेग सांगणारा रासायनिक निरोप. टी-४ अधिक प्रमाणात बनते, पण पेशींमध्ये प्रत्यक्ष काम करते ते मुख्यतः टी-३. तयार झालेला माल ग्रंथी लगेच संपवत नाही. कित्येक आठवडे पुरेल इतका साठा ती बाळगून असते, आणि ही गोष्ट पुढे उपचारांच्या वेळी फार महत्त्वाची ठरते.

किती संप्रेरक सोडायचे हे ती स्वतः ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातील पातळी सतत पाहत असते आणि गरजेनुसार टीएसएच सोडते. थायरॉइडच्या पेशींवर हे टीएसएच पकडणारी प्रथिने असतात, त्यांना ग्राही म्हणू. टीएसएच ग्राहीवर बसले की पेशी कामाला लागते. गच्चीवरच्या टाकीचे उदाहरण घेतले तर टीएसएच म्हणजे मोटरचे बटण होय. टाकी रिकामी होत आली की आपण बटण दाबतो आणि भरली की बंद करतो. त्यामुळे टीएसएच वाढलेले दिसले तर टाकी रिकामी आहे असे समजावे, आणि टीएसएच शून्यावर आले तर टाकी गरजेपेक्षा जास्त भरली आहे असे समजावे. अहवालातला खालचा बाण थायरॉइडचा नसून बटणाचा आहे, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा गोंधळ मिटतो.

बटण बंद, मोटर चालू

आता प्रश्न असा की बटण बंद असताना मोटर चालते कशी? ग्रेव्हज आजारात कोणीतरी बाहेरच्या तारेवर आकडा टाकून मोटरला परस्पर वीज जोडलेली असते. मोटर नादुरुस्त नाही आणि बटणही नाही. पीयूषिकेने आपले काम चोख बजावून टीएसएच बंद केलेले आहे. पण त्या आकड्यावर तिचा काहीच ताबा चालत नाही.

हा आकडा म्हणजे एक प्रतिपिंड. जंतूंना ओळखून त्यांना चिकटणारी जी प्रथिने आपली प्रतिकारशक्ती तयार करते, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. प्रतिकारशक्तीची चूक होऊन ती स्वतःच्याच अवयवाविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागली, तर त्या आजाराला स्वयंप्रतिकार आजार म्हणतात. असे बहुतेक आजार विध्वंस करणारे असतात. लहान वयात होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात. हाशिमोटो नावाच्या आजारात थायरॉइडच हळूहळू निकामी होते. ग्रेव्हजचे वेगळेपण येथेच आहे. यातले प्रतिपिंड नेमके टीएसएचच्या ग्राहीवर जाऊन बसते, आणि ग्राहीला इजा करण्याऐवजी त्याला चालू करते. पेशीच्या दृष्टीने तो हुकूम खराच असतो, म्हणून ती इमानाने संप्रेरक बनवत राहते. मला या आजारातली सर्वांत विलक्षण बाब हीच वाटते की थायरॉइडमध्ये मुळात दोष नसतो. ती चुकीचा हुकूम अचूकपणे पाळत असते.

हे ठरवले कसे, असे कोणीही विचारेल. १९५६ मध्ये न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे डंकन अॅडम्स आणि हर्बर्ट पर्व्ह्‌ज यांनी अशा रुग्णांच्या रक्तातला द्रवभाग गिनीपिगला टोचला. थायरॉइडला चालना मिळाली, पण टीएसएच टोचल्यावर जी चालना काही तासांत ओसरते ती येथे उशिरा सुरू होऊन बराच काळ टिकली. म्हणजे रक्तात टीएसएचखेरीज दुसरेच काही थायरॉइडला हाकत होते. पुढील दशकात ते ‘दुसरेच काही’ प्रतिपिंड असल्याचे सिद्ध झाले. आज ते रक्तात मोजता येते आणि त्या तपासणीला टीआरएबी म्हणतात.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते?

सतत हुकूम मिळत राहिला की ग्रंथी बदलते. एरवी बुटक्या असणाऱ्या पेशी उंच होतात, त्यांची संख्या वाढते, आणि पिशवीच्या भिंतीत जागा पुरेनाशी झाल्याने त्यांच्या घड्या आतल्या पोकळीत शिरतात. मधला द्रव फिका पडतो आणि पेशींलगत त्याच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात, कारण पेशी तो भराभर शोषून घेऊन संप्रेरकात रूपांतरित करीत असतात. पिशव्यांच्या मधल्या जागेत लिम्फोसाइट नावाच्या प्रतिकारपेशी गोळा झालेल्या असतात. त्यांपैकी काही तर तेथेच बसून प्रतिपिंडे तयार करतात. रक्तवाहिन्या इतक्या वाढतात की काही रुग्णांच्या गळ्यावर स्टेथोस्कोप ठेवल्यास रक्त वाहण्याचा सूं-सूं आवाज ऐकू येतो. गळ्यावरची सूज दोन्ही बाजूंनी सारखी आणि मऊसर का असते, याचेही उत्तर यात आहे: हुकूम संपूर्ण ग्रंथीला मिळालेला असतो, एखाद्या गाठीला नव्हे.

नागपूरच्या उन्हाळ्यात लक्षणे लपतात

जादा टी-३ शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीचा वेग वाढवते. इंधन जास्त जळते, म्हणून वजन उतरते आणि अंगात उष्णता साठते. हृदय जलद धडकते; वयस्कर रुग्णांत त्याची लयही बिघडते आणि त्यातून पक्षाघाताचा धोका निर्माण होतो. आतड्यांची हालचाल वाढून शौचास वारंवार जावे लागते, पाळी अनियमित होते, स्नायू दुबळे होऊन जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत आणि दीर्घकाळात हाडांतले कॅल्शियम कमी होते.

आपल्या शहरात एक अडचण जास्तीची आहे. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, नवतपाच्या दिवसांत कूलरसमोरून कोणालाच उठावेसे वाटत नाही, त्यामुळे ‘मला उकाडा सहन होत नाही’ या तक्रारीकडे कोणी आजाराचे लक्षण म्हणून पाहत नाही. घाम, थकवा, धडधड, उतरलेले वजन, सगळेच उन्हाच्या नावावर जाते. खूण अशी की उन्हाने आलेली धडधड सावलीत बसून पाणी पिल्यावर शांत होते. या आजारात मात्र झोपेतही नाडी शंभराच्या आसपास राहू शकते, आणि डिसेंबरच्या थंडीत घरातले सगळे रजई ओढून बसलेले असताना रुग्णाला पंखा हवा असतो.

‘हे सगळे टेन्शनमुळेच ना?’

चिडचिड, अस्वस्थता आणि झोप न येणे ही या आजाराची लक्षणेच आहेत, त्यामुळे अनेक स्त्रियांना आधी ‘मनावर घेऊ नकोस’ असा सल्ला मिळतो आणि त्यात निदानाचे काही महिने निघून जातात. हे मला फार अन्यायाचे वाटते. हा आजार स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा पाच ते दहा पट अधिक आढळतो, तोही बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे घर आणि नोकरी दोन्हींचा भार असलेल्या वयात. साहजिकच दोष त्या भारावर टाकणे सोपे जाते.

मोठ्या मानसिक आघातानंतर हा आजार सुरू झाल्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, हे खरे आहे. पण ताण एकटा प्रतिपिंडे निर्माण करीत नाही. जमीन आनुवंशिकतेने तयार होते: प्रतिकारशक्तीला ‘आपले’ आणि ‘परके’ ओळखायला शिकवणाऱ्या काही जनुकांची विशिष्ट रूपे या रुग्णांत अधिक दिसतात. तरीही जनुके म्हणजे सर्वस्व नव्हे. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला हा आजार असेल तर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहून कमीच आढळले आहे. उरलेला वाटा धूम्रपान, बाळंतपणानंतर प्रतिकारशक्तीत होणारी उलथापालथ, आयोडीनचा अचानक मोठा मारा आणि काही औषधे यांचा.

डोळे का पुढे येतात?

वाढलेल्या संप्रेरकामुळे वरची पापणी मागे ओढली जाते आणि नजर टक लावल्यासारखी दिसते. हे थायरॉइड वाढल्याच्या कोणत्याही प्रकारात होऊ शकते. डोळा प्रत्यक्ष पुढे येणे मात्र ग्रेव्हजची खास खूण आहे आणि त्याचे कारण संप्रेरक नसून तेच प्रतिपिंड आहे. डोळ्याच्या खोबणीतल्या, आधारऊती बनवणाऱ्या पेशींवरही टीएसएचचे ग्राही असतात. त्यांना चालना मिळाली की त्या पाणी धरून ठेवणारा पदार्थ मोठ्या प्रमाणात बनवू लागतात, चरबी वाढते आणि डोळा फिरवणारे स्नायू सुजतात. खोबण हाडांची असल्याने ती पसरू शकत नाही, म्हणून डोळा पुढे ढकलला जातो. एकाच्या दोन वस्तू दिसणे, डोळे कोरडे पडणे, डोळ्यांमागे दुखणे ही लक्षणे त्यातूनच येतात. थोड्या रुग्णांत दृष्टीच्या नसेवर दाब येतो, आणि रंग फिके दिसू लागणे ही त्याची धोक्याची सूचना असते.

साधारण चारांपैकी एका रुग्णाला डोळ्यांचा ठळक त्रास होतो. थायरॉइड ताब्यात आल्यावरही डोळे वेगळ्या वाटेने बिघडू शकतात, याचे रुग्णाला आश्चर्य वाटते. पण गुन्हेगार प्रतिपिंड आहे हे लक्षात घेतले की त्यात आश्चर्य राहत नाही. यात स्वतःच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सिगारेट-विडी सोडणे, कारण धूम्रपान करणाऱ्यांत डोळ्यांचा आजार अधिक वेळा होतो, अधिक तीव्र होतो आणि उपचारांना कमी दाद देतो. या पेशींवर टीएसएचच्या ग्राहीशी हातमिळवणी करणारा दुसरा एक ग्राही आहे. त्याला अडवणारे टेप्रोटुमुमॅब हे औषध अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्य झाले.

आयोडीनचे मीठ बंद करावे का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि त्याचे उत्तर हिशेबाने देणे बरे. आपल्याकडे घरापर्यंत पोहोचणाऱ्या मिठात दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे असा नियम आहे. दिवसाला दहा ग्रॅम मीठ पोटात गेले तर त्यातून सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळते, आणि प्रौढ माणसाची रोजची गरजही तेवढीच आहे. म्हणजे हे मीठ गरज भागवते, मारा करीत नाही. मारा म्हणजे काय हे पाहायचे असेल तर हृदयाच्या लयीसाठी दिल्या जाणाऱ्या अॅमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीकडे पाहावे. तिच्यात सुमारे ७५ मिलिग्रॅम, म्हणजे मिठातल्या दिवसभराच्या आयोडीनच्या पाचशे पट आयोडीन असते. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या औषधात आणि समुद्री शेवाळापासून केलेल्या ‘थायरॉइडच्या’ पूरक गोळ्यांतही ते भरपूर असते. त्या टाळाव्यात आणि स्कॅनपूर्वी आजाराची कल्पना द्यावी. घरातले मीठ बदलून प्रतिपिंड थांबत नाही; उलट त्या घरातल्या गर्भवतीला आणि मुलांना आयोडीनची खरी गरज असते. किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारापूर्वी काही दिवस आयोडीन कमी करायला सांगितले जाते, पण ती तात्पुरती तयारी आहे.

टी-४ वाढले म्हणजे ग्रेव्हजच का?

नाही, आणि हा फरक न पाहता गोळी सुरू करणे चुकीचे ठरते. विषाणूसंसर्गानंतर किंवा बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येऊन तिच्यातला साठा रक्तात गळू शकतो. त्या वेळी मोटर बंदच असते, टाकीला चीर गेलेली असते. नवे संप्रेरक बनतच नसल्याने ते बनणे थांबवणारे औषध तेथे निरुपयोगी असते आणि बहुधा काही आठवड्यांत त्रास आपोआप ओसरतो. टीआरएबी तपासणी किंवा ग्रंथी किती आयोडीन ओढते हे दाखवणारा स्कॅन यातला भेद दाखवतो.

केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी काही प्रयोगशाळांतील चाचणीच फसते: टीएसएच खोटेच कमी, टी-३ व टी-४ खोटेच जास्त, आणि कधी टीआरएबीसुद्धा खोटेच सापडते. अशा गोळ्या चालू असतील तर रक्त देण्यापूर्वी सांगावे. दोन-तीन दिवस त्या बंद ठेवून केलेली तपासणी विश्वासार्ह असते.

गोळ्यांनी बरे होते, तर पुन्हा का उलटते?

आपल्याकडे बहुतेकांना कार्बिमॅझोल दिले जाते. ते आयोडीन चढवण्याचे काम करणाऱ्या विकराला, म्हणजे ही रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, अडवते, त्यामुळे नवे संप्रेरक बनणे थांबते. पण आधीचा साठा संपेपर्यंत, म्हणजे साधारण तीन ते सहा आठवडे, फरक जाणवत नाही. ‘औषध लागू पडले नाही’ म्हणून याच काळात पुष्कळजण ते सोडतात. धडधड व थरथर लवकर आटोक्यात यावी यासाठी सुरुवातीला प्रोप्रॅनोलॉल जोडून देतात. दमा असल्यास ते चालत नाही.

गोळी सामान्यतः १२ ते १८ महिने चालते आणि बंद केल्यावर जवळपास निम्म्या रुग्णांत आजार परततो. कारण गोळी मोटर रोखते, आकडा काढत नाही. या काळात प्रतिपिंडे आपसूक ओसरली तर रुग्ण मोकळा होतो. ती टिकून असतील तर आजार परतण्याची शक्यता अधिक, म्हणून गोळी थांबवण्यापूर्वी टीआरएबी मोजणे शहाणपणाचे. या औषधाचा एक परिणाम दुर्मीळ पण गंभीर आहे. हजारांतील दोन ते पाच जणांत, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. ताप आणि घसादुखी आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातील पेशींची मोजणी करून घ्यावी. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत ‘साथीचाच ताप असेल’ असे घरच्या घरी ठरवू नये.

दुसरे दोन मार्ग आहेत. किरणोत्सारी आयोडीन १९४१ मध्ये बॉस्टन येथे सॉल हर्ट्झ यांनी प्रथम या आजारासाठी वापरले. ते पिऊन घेतले की थायरॉइड ते ओढून घेते आणि आतून निकामी होते. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढणे हा दुसरा. यावर आक्षेप येतो तो असा की दोष प्रतिपिंडाचा असेल तर निर्दोष ग्रंथीचा बळी का द्यायचा? आक्षेप रास्त आहे. पण ते एकच प्रतिपिंड सुरक्षितपणे थांबवणारा उपाय अजून रोजच्या वापरात आलेला नाही, आणि सगळी प्रतिकारशक्ती दाबून टाकली तर जंतुसंसर्गाचा धोका ओढवतो. ग्रंथी गेल्यावर आयुष्यभर थायरॉक्सिनची एक गोळी घ्यावी लागते. अनियंत्रित धडधड आणि झिजणारी हाडे यांच्या तुलनेत ती तडजोड मला परवडणारी वाटते. मात्र किरणोत्सारी उपचारानंतर प्रतिपिंडांची पातळी काही महिने उलट वाढते आणि डोळे बिघडू शकतात. डोळ्यांचा आजार सक्रिय असलेल्या रुग्णाला म्हणूनच शक्यतो दुसरा मार्ग सुचवतात.

गर्भारपण: ग्रंथी गेली तरी प्रतिपिंड राहते

हे प्रतिपिंड वारेतून बाळाकडे जाते. गर्भाची थायरॉइड साधारण विसाव्या आठवड्याच्या सुमारास त्याला प्रतिसाद देऊ लागते आणि गर्भाच्या हृदयाचे ठोके वाढू शकतात. असे थोड्याच बाळांत घडते, पण प्रतिपिंडांची पातळी खूप जास्त असेल तर धोका वाढतो. जन्मानंतर बाळ काही आठवडे ते महिने चिडचिडे, धडधडत्या हृदयाचे आणि वजन न वाढणारे राहते. आईकडून आलेली प्रतिपिंडे विरली की आजारही संपतो. रक्तातला पदार्थच आजार घडवतो याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

कार्बिमॅझोल पहिल्या तिमाहीत बाळाच्या अवयवांना अपाय करू शकते, म्हणून दिवस जाण्याचा विचार असेल तेव्हाच डॉक्टरांशी बोलून औषध बदलावे. घाबरून परस्पर बंद करू नये, कारण अनियंत्रित आजारही आई आणि बाळ दोघांना घातक असतो. आणि जिची ग्रंथी काही वर्षांपूर्वी काढली आहे किंवा किरणोत्सारी आयोडीनने निकामी केली आहे, जिचे टीएसएच आता थायरॉक्सिनवर अगदी व्यवस्थित आहे, तिनेही प्रसूतितज्ज्ञांना ‘मला आधी ग्रेव्हज होता’ हे पहिल्याच भेटीत सांगावे. तिच्या कागदांवर आज फक्त ‘थायरॉइड कमी’ एवढेच लिहिलेले असते, म्हणून टीआरएबी तपासायचे कोणाच्या लक्षात येत नाही. ही तपासणी गर्भारपणाच्या सुरुवातीला करतात आणि पातळी जास्त असल्यास १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करतात.